घडाघडा : वाचनवेगाच्या मोजपट्टीची वऱ्हाडातून चिकित्सा

मूल वाचायला शिकले, हे मराठी घरात ज्या एका शब्दाने सांगितले जाते तो शब्द म्हणजे 'घडाघडा'. 'आमचा पोट्टा आता घडाघडा वाचते,' असे अकोल्याच्या बसस्टँडवरही ऐकू येते आणि अमरावतीच्या पालकसभेतही. उलट बाजूला 'अडखळत'. या दोन शब्दांपलीकडे वाचनाचे वर्णन करायला आपल्या बोलण्यात फारसे काही नाही. मनातल्या मनात वाचून ज्याला गोष्ट कळली, त्या मुलासाठी असा नादमय शब्द मराठीने घडवलेला नाही. वाचणे हा शब्दच मुळी वाचेशी बांधलेला आहे. वाचन म्हणजे आवाज, आणि चांगले वाचन म्हणजे न अडणारा आवाज, ही समजूत शाळेने निर्माण केलेली नाही. शाळेत येण्याआधीपासून ती आपल्या ओसरीवर आहे.

शेगाव आमच्या वऱ्हाडातले. दासगणूंच्या 'गजानन विजय'चे एकवीस अध्याय एका बैठकीत वाचणारी माणसे गावोगाव आहेत. पारायणात शब्दन् शब्द कळला पाहिजे अशी अट कोणी घालत नाही. वाचण्याचेच पुण्य असते. यात टिंगल करण्यासारखे काही नाही. पारायण ही वेगळी कृती आहे, तिचे प्रयोजन वेगळे आहे. अडचण येते ती पारायणाची कसोटी पहिली-दुसरीच्या वर्गात येऊन बसते तेव्हा.

आणि ही तक्रार पाश्चात्त्य पुस्तकांतून उसनी आणलेली आहे असेही कोणी समजू नये. पाणिनीय शिक्षेत सहा प्रकारचे अधम पाठक सांगितले आहेत. त्यांत घाई करणारा आहे, गाण्यासारखे हेल काढणारा आहे, मान हलवणारा आहे, आणि अर्थ न जाणणाराही आहे. यास्काच्या निरुक्तात तर वेद पाठ असून अर्थ ठाऊक नसलेल्याला ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा आली आहे. पाठांतरावर उभ्या असलेल्या परंपरेनेच हे म्हणून ठेवले आहे. आज आपण घड्याळ हातात घेऊन मुलांसमोर बसतो तेव्हा त्या सहांपैकी 'शीघ्री' नावाच्या अधमाला पहिला क्रमांक देण्याची शक्यता बरीच असते.

घड्याळ आले कुठून, ते आधी पाहू. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने 'असर' हे सर्वेक्षण २००५ साली सुरू झाले. गावात जायचे, घरी मूल गाठायचे, आणि त्याच्यासमोर एक कागद धरायचा : अक्षरे, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद, आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल ज्या पायरीपर्यंत जाते ती नोंदवायची. या साध्या कागदाने देशाला हलवून सोडले, कारण तोवर आपण शाळांच्या खोल्या, पटसंख्या आणि खिचडी मोजत होतो; मूल शिकले का, हे मोजतच नव्हतो. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांमधील तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलेच दुसरीची गोष्ट वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. पाचवीतही निम्म्याहून अधिक मुले त्या गोष्टीपर्यंत पोचत नाहीत. ही लाज चव्हाट्यावर आणल्याबद्दल 'असर'चे ऋण मान्यच केले पाहिजे.

पुढचा टप्पा ५ जुलै २०२१ चा. केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान जाहीर केले आणि उद्दिष्टे आकड्यांत मांडली : दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द, अर्थासह वाचावेत. 'अर्थासह' हा शब्द मूळ उद्दिष्टात आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण आकडा मोजता येतो आणि 'अर्थासह' मोजायला वेळ लागतो. व्यवहारात कोणता भाग उरतो, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही सांगायला नको.

या आकड्यामागे एक विचार आहे आणि तो हलका नाही. १९७४ मध्ये लाबर्ज आणि सॅम्युएल्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडले की माणसाचे अवधान मर्यादित असते. ते सगळे अक्षरे ओळखण्यात खर्च झाले तर अर्थासाठी काही उरत नाही. सायकल शिकणाऱ्याला तोल सांभाळताना रस्त्याकडे पाहता येत नाही, तसे. हेलन अबादझी यांनी २००६ मध्ये जागतिक बँकेसाठी लिहिलेल्या पुस्तकात हाच धागा गरीब देशांतल्या शाळांपर्यंत आणला : स्मृतीत शब्द काही सेकंदच टिकतात, म्हणून वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरली जाऊ नये इतका तरी वेग हवा. मिनिटाला ४५ ते ६० शब्द हे माप त्यांच्याही मांडणीत आहे. एकेका शब्दावर दहा-दहा सेकंद झगडणारे मूल मी समोर बसून ऐकले आहे. 'रस्ता ओलांडताना' या दोन शब्दांशी लढून ते वाक्याच्या टोकाला आले, की रस्ता मागे राहून गेलेला असतो. वेग नको असे म्हणणारा माणूस या मुलाशेजारी बसलेला नसतो.

म्हणून माझा आक्षेप वेगाला नाही. वेग मोजताना भाषा कोणती, बोली कोणती आणि मूल कोणाचे हे तीन प्रश्न गळून पडतात, याला आहे.

पहिला प्रश्न भाषेचा. 'मिनिटाला साठ शब्द' म्हणताना शब्द म्हणजे काय? हिंदीत 'किसानों के बच्चों के लिए' हे पाच शब्द झाले. मराठीत 'शेतकऱ्यांच्या मुलांसाठी' हे दोनच. 'घर के सामने वाले पेड़ पर से' हे सात. 'घरासमोरच्या झाडावरून' हे दोन. मराठी आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाच्या अंगालाच चिकटवते, आणि चिकटवताना मूळ शब्दाचे रूपही बदलते. 'घर'चे 'घरा' होते, 'शेतकरी'चा 'शेतकऱ्यां' होतो. सामान्यरूप नावाचा हा खेळ मोठ्यांनाही लिहिताना चकवतो. म्हणजे साठ हिंदी शब्द वाचणारे मूल आणि साठ मराठी शब्द वाचणारे मूल एकच अंतर चाललेले नसते. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात एनसीईआरटीने वीस भाषांसाठी वेगवेगळे निकष बसवले. म्हणजे हा मुद्दा वरच्या पातळीवर कोणाला तरी कळला होता. पण निपुणच्या मूळ उद्दिष्टातला साठाचा आकडा तसाच राहिला, आणि शिक्षकाच्या तोंडी तोच आहे.

त्यात लिपीचा भाग वेगळा. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस चिन्हे ओळखायची असतात (त्यांचे उच्चार बेभरवशाचे, ही त्याची वेगळी शिक्षा). आपल्याकडे बाराखडीनेच शेकडो आकार होतात, वर जोडाक्षरे. एकटा 'र' घ्या : 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र', 'वऱ्हाड' या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की अशा अक्षरमालेवर ताबा मिळवायला पहिले-दुसरे वर्ष पुरत नाही, मुले चौथीपर्यंतही शिकतच असतात. मराठी याहून फार निराळी असण्याचे कारण नाही. आपण मात्र 'गमभन'पासून सुरू करून वर्षभरात मुळाक्षरे 'पूर्ण' झाल्याची नोंद करतो, आणि काना-मात्रा नसलेल्या शब्दांची वाक्ये बनवण्याच्या हट्टापायी असली वाक्ये मुलांच्या तोंडी देतो, जी कोणत्याही घरात कोणीही कधी बोललेले नाही. वाचनाची पहिली ओळखच निरर्थकाशी झाली तर पुढे अर्थाची अपेक्षा मुलाने का ठेवावी?

दुसरा प्रश्न बोलीचा, आणि इथे वऱ्हाडी माणूस म्हणून मला थोडे थांबायचे आहे.

आमच्याकडे 'ळ' बहुतेकांच्या तोंडी 'य' होतो. शाळा ती 'शाया', डोळा तो 'डोया', गूळ तो 'गुय'. विहिरीची 'इहीर' होते, पाण्याचे 'पानी'. 'मला' नाही, 'मले'. 'कशाला' नाही, 'कायले'. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०५ च्या मराठी खंडात वऱ्हाडीची नोंद केली तेव्हाही ही भाषा अशीच स्वतःच्या नियमाने चालणारी होती. आता तिसरीतली एक मुलगी वाचते आहे. कागदावर आहे : 'आईने मला शाळेत पाठवले.' ती वाचते : 'आईनं मले शायेत पाठवलं.' ऐकणाऱ्याने चारही शब्दांखाली रेघ मारली. एका ठिकाणी हे माझ्यासमोर घडले. ठिकाण सांगण्यात हशील नाही, कारण ते कुठेही घडू शकते. चार चुका, म्हणजे वेग घटला, म्हणजे मुलगी खालच्या पायरीवर.

पण त्या मुलीने नेमके काय केले? डोळ्यांनी प्रमाण मराठी वाचली, अर्थ घेतला, आणि तोंडाने आपल्या भाषेत सांगितला. अर्थ कळल्याशिवाय 'मला'चे 'मले' होऊच शकत नाही. अमेरिकेतल्या केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या वाचनातील अशा 'चुकां'कडे वाचनप्रक्रियेची खिडकी म्हणून पाहायला सुरुवात केली. वाचन हा अंदाजाचा खेळ आहे, हे त्यांचे मोठे विधान पुढच्या संशोधनात टिकले नाही, आणि ते टिकले नाही हे बरेच झाले; त्याच्या नावाखाली अक्षरे नीट न शिकवण्याची फॅशन आली होती. पण हे छोटे निरीक्षण पक्के आहे : बोलीत उलटून वाचणे हा आकलनाचा पुरावा आहे. आमचा तक्ता त्या पुराव्यालाच दोष म्हणून नोंदवतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला हे पटत नसेल तर त्याने उद्धव शेळक्यांची 'धग' हातात घ्यावी. १९६० ची ही कादंबरी मराठीतल्या थोर कादंबऱ्यांपैकी एक आहे याबद्दल वाद नाही. कौतिकच्या तोंडचे संवाद प्रथमच वाचताना प्रमाण मराठीत वाढलेला चांगला वाचकही मंदावतो, मागे जातो, ओठ हलवून पाहतो. कोणी त्या क्षणी घड्याळ लावले तर एम.ए. झालेला माणूस कुठल्या इयत्तेत बसेल? आमच्या मुलांना पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानावर हीच 'धग' उलट्या दिशेने लागते.

तिसरा प्रश्न मूल कोणाचे हा. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके, म्हणजे मेळघाट. इथल्या कोरकू घरांत बोलली जाणारी भाषा मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीची बहीण. त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक. पाण्याला ती 'डा' म्हणते. २०११ च्या जनगणनेत कोरकू भाषिकांची संख्या सात लाखांवर होती, बहुतेक मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत गेली, कोरकू बाहेरच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. 'शक्य तिथे' या दोन शब्दांत मेळघाट मावून जातो.

मेळघाटातले मूल मराठी घडाघडा वाचू शकते आणि त्यातले त्याला काहीच कळलेले नसू शकते. हे ऐकून लोक चकित होतात, होऊ नये. देवनागरी ही बरीचशी प्रामाणिक लिपी आहे. जसे लिहिले तसे वाचायचे. हा लेख वाचणारा कोणीही नेपाळी वर्तमानपत्र उचलून बऱ्यापैकी ओघात मोठ्याने वाचू शकेल, आणि बातमी कशाची होती हे सांगू शकणार नाही. इंग्रजीत असे होणे अवघड असते. तिथे अनेक शब्दांचा उच्चार अक्षरांवरून पुरता ठरत नाही, शब्द ओळखीचा असावा लागतो. म्हणून तिथे ओघ आणि आकलन बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात, आणि एक मोजले की दुसऱ्याचा अंदाज येतो. हा अंदाज इंग्रजीच्या मुलखात तयार झाला. तो जसाच्या तसा देवनागरीत आणणे म्हणजे गव्हाच्या मापाने कापूस मोजणे होय.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सूत्र मांडले. वाचन-आकलन म्हणजे लिपीची उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार. दोनपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही मोठे असले तरी उत्तर शून्य. अडखळणाऱ्या वऱ्हाडी मुलाचा पहिला अंक लहान आहे. मेळघाटातल्या घडाघडा वाचणाऱ्या मुलाचा दुसरा. आपली मोजपट्टी फक्त पहिला अंक पाहते.

खरे तर मराठी ऐकणाऱ्याच्या कानाला एक फुकटची कसोटी मिळालेली आहे. 'च', 'ज', 'झ' ही अक्षरे मराठीत दोन-दोन प्रकारे उच्चारली जातात आणि लिपी तो फरक दाखवत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' एक नाही. 'जरा थांब' मधली 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा' एकच लिहितात, वेगळी वाचतात. उच्चार बरोबर येण्यासाठी शब्द ठाऊक असावा लागतो. वाचणारे मूल इथे काय करते हे ऐकले तरी बरेच कळते. शब्द मोजणाऱ्याचे लक्ष मात्र घड्याळाच्या काट्यावर असते.

आकलन तपासायला प्रश्नही विचारतात, हे खरे. पण कसले प्रश्न? मी एक निरर्थक वाक्य बनवतो : 'गमूने सकाळी झिपरी टिवळली.' आता विचारा, झिपरी कोणी टिवळली? गमूने. गमूने काय टिवळले? झिपरी. केव्हा? सकाळी. तीनपैकी तीन गुण. या वाक्याचा अर्थ मला, लेखकालाही, माहीत नाही. परिच्छेदाखालचे बरेचसे प्रश्न या जातीचे असतात. शब्दाला शब्द जुळवला की उत्तर मिळते. मेळघाटातली मुले या जुळवाजुळवीत तरबेज होतात. तीही हुशारीच आहे, पण तिला आकलन म्हणता येत नाही.

आकलनाचा आणखी एक पाय म्हणजे विषयाची माहिती. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ ठाऊक असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ ठाऊक नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. आमच्याकडे बेसबॉलच्या जागी पऱ्हाटी ठेवा. बोंड फुटणे, वेचणी, सरकी, पावसाने भिजलेल्या कापसाचा उतरलेला भाव, हे सारे अकोट-तेल्हाऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलाला डोळे मिटून माहीत असते. त्याच्यासमोर समुद्रकिनाऱ्यावरच्या शंखशिंपल्यांची गोष्ट ठेवून त्याचे आकलन कमी आहे असे म्हणणे, हे त्याच्या वाचनाचे मोजमाप आहे की भूगोलाचे? त्याने समुद्राविषयी वाचूच नये असे नाही, जरूर वाचावे. पण मोजायच्या दिवशी तरी एक उतारा त्याच्या शेतातला असायला हवा.

महाराष्ट्रात या बाबतीत काहीच झाले नाही असे नाही. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत लेखन-वाचनाचे काम दशकानुदशके केले. त्या मूळच्या भाषाशास्त्रज्ञ, फलटणच्या बोलण्यातल्या भेदांवरच त्यांनी पीएच.डी. केली होती, आणि बोली म्हणजे अशुद्ध मराठी नव्हे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. पालघरमधल्या वाड्याला नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' संस्था आहे. त्याच वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मागे तीन वर्षे राहून मराठी-कन्नड वाचनाचा अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. शिकवण्यात अक्षरांवर सगळा भर आणि अर्थाकडे पाठ, हे त्यांनी वर्गात बसून टिपले आहे. हे सगळे काम पश्चिमेकडचे. वऱ्हाडी मुले आणि कोरकू मुले यांच्या मागे असे तीन वर्षे कोणी चालावे, ही माझी जुनी इच्छा आहे. मी शिक्षणशास्त्राचा पदवीधर नाही, माझ्याकडे संस्था नाही. विद्यापीठ अमरावतीत आहे, आणि महानुभावांच्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. लीळाचरित्राच्या गावाने लोकांच्या बोलीत लिहिण्याचा मान तेराव्या शतकात मिळवला होता.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' नंतर ज्ञानरचनावादाचे वारे आले, फरशा रंगल्या, मुले गोलात बसली. त्यातून काही वर्ग खरोखर जिवंत झाले. पण 'मूल आपले आपण शिकते' हे वाक्य अनेक ठिकाणी 'अक्षरे शिकवायची गरज नाही' असे वाचले गेले. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याचे अक्षर शाळेतच पक्के व्हावे लागते, रोज, क्रमाने, कंटाळा येईपर्यंत. अर्थाच्या नावाने हे टाळणाऱ्यांनी वेगवाल्यांइतकेच नुकसान केले आहे.

आता खरे दुखणे सांगतो. अडखळणारे मूल यादीत असते. त्याच्यासाठी जादा तास असतो, स्वयंसेवक असतो, पुढच्या चाचणीत पुन्हा कोणीतरी त्याला ऐकते. घडाघडा वाचणारे मूल 'गोष्ट' या शेवटच्या पायरीवर टिचकी मिळवून यादीतून बाहेर पडते. त्यानंतर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पाचवीत परिसर अभ्यास येतो, सहावीत इतिहास आणि विज्ञान, गणितातही शाब्दिक उदाहरणे. ते सगळे घडाघडा वाचते आणि कोरे राहते. आठवी-नववीत गळते तेव्हा कारणाच्या रकान्यात 'अभ्यासात रस नाही' किंवा 'स्थलांतर' लिहिले जाते. वाचता येत नव्हते असे कोणी लिहीत नाही, कारण कागदोपत्री त्याला तिसरीतच वाचता येत होते.

उपाय शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुस्तक मिटायचे आणि मुलाला म्हणायचे : 'काय झालं, तुह्या शब्दांत सांग.' वऱ्हाडीत सांगितले तर वऱ्हाडीत ऐकायचे, त्यातले किती धागे आले ते मोजायचे. याला मिनिटाऐवजी पाच मिनिटे लागतील, चाळीस मुलांच्या वर्गात तीन-चार दिवस जातील. अकोला आणि अमरावतीच्या सपाट मुलखात हे उद्यापासून करता येईल, कारण तिथले बहुतेक गुरुजी आणि बाई घरी स्वतः 'मले-तुले'च बोलतात. फक्त वर्गात ते ऐकू येऊ द्यायचे आहे. धारणीत प्रश्न वेगळा आहे. तिथे मूल पुस्तक मिटून कोरकूत सांगू लागले, तर समोर बसलेल्या शिक्षकाला ते कळायला हवे, आणि तपासणीच्या तक्त्यात ते उत्तर कोणत्या रकान्यात लिहायचे हेही ठरायला हवे. सध्याच्या तक्त्यात तसा रकाना नाही.